बीप वाजेपर्यंत थांबा!

पदवी आहे, नोकरी आहे, पॅकेजही बरं आहे... पण आपला प्रभाग कोणता, हे विचारलं की आपण गुगल उघडतो! नागरिक कसं व्हायचं, हे आपल्याला विद्यापीठात कुणी शिकवतं का? आणि शिकवत असेल, तर ते सगळं जातं तरी कुठे? नाशिकच्या एका मतदान केंद्रापासून सुरू झालेली ही शोधाशोध...

गुरुवार, १५ जानेवारी २०२६. ऑफिसेसना सुट्टी, हवेत मस्त गारवा, आणि आमचा प्लॅन एकदम फिक्स : आधी मतदान, मग मिसळ. मिसळ आधी घेतली की रांगेत झोप येते, हा माझ्या मावसबहिणीचा अनुभवसिद्ध फंडा.

शाळेच्या वर्गातलं मतदान केंद्र. बोटाला शाई लागली, सही झाली, मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. लोकसभेला, विधानसभेला केलं होतं तसंच केलं. नाव शोधलं, बटण दाबलं, लाल दिवा लागला. झालं! वळले आणि ऐटीत दाराकडे चालायला लागले.

"मॅडम, कुठे निघालात? अजून तीन बाकी आहेत."

अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. रांगेतल्या एका आजोबांनी तर सुस्काराच सोडला. परत आत गेले. तेव्हा कुठे नीट दिसलं, की मतपत्रिका एक नाही, चार आहेत. अ, ब, क, ड. वेगवेगळ्या रंगांच्या. एकेक करून उरलेली तीन बटणं दाबली, तेव्हा तो लांबलचक बीप वाजला. त्या तीन बटणांपैकी दोन मी कुणाच्या नावापुढे दाबली, हे खरं सांगायचं तर मला घरी येईपर्यंतही आठवलं नाही.

मी कोण? वय वर्षं अठ्ठावीस. मास कम्युनिकेशनची पदवी. पोटापाण्याचा धंदा : फ्रीलान्स पत्रकारिता. म्हणजे लोकांना माहिती देणं हेच माझं काम! आणि मला माझ्याच शहरात मत कसं द्यायचं ते माहीत नव्हतं.

दोन क्रेडिटची लोकशाही

मिसळीच्या टेबलावर मी हा किस्सा सांगितला. वाटलं, बहीण हसेल. ती हसली नाही. तर्रीचा वाटा ओढून घेत म्हणाली, "ताई, आम्हाला होता की हा विषय. फर्स्ट इयरला. दोन क्रेडिट."

"काय होता?"

"लोकशाही, निवडणूक आणि शासन. कम्पल्सरी होता."

"मग तुला माहीत होतं, चार बटणं असतात ते?"

"नाही गं. त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती होती. टिपा लिहा म्हणून."

"आपला प्रभाग कितवा?"

ती थांबली. मग मोबाइल काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली मतदार स्लिप शोधायला लागली.

हसू नका. तुमचा प्रभाग कितवा? आलं ना लक्षात!

बहिणीचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं होतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०१९ च्या अभ्यासक्रमात पदवीच्या पहिल्या वर्षाला हा विषय सक्तीचा केला. नाशिक जिल्ह्यातली बहुतेक आर्ट्स, कॉमर्स, सायन्स कॉलेजं याच विद्यापीठाला जोडलेली. त्यामुळे कॉलेज रोड-गंगापूर रोडवरची त्या बॅचची पोरं-पोरी हा पेपर देऊनच बाहेर पडली आहेत. राज्याचा निवडणूक आयोग त्या काळात विद्यापीठांच्या मागेच लागला होता, की अठराव्या वर्षी हातात मत येतं, तर त्याच वर्षी त्याची ओळखही करून द्या. कल्पना झक्कास. पुस्तकं आली, गाइडं आली, आणि गाइडं आली म्हटल्यावर पुढे काय होतं ते मी सांगायला नकोच.

मी बहिणीचं गाइड मागवून घेतलं. आदल्या रात्रीच्या हायलायटरच्या खुणा तशाच होत्या. लोकशाहीचे प्रकार, पंचायत राजचा इतिहास, शासन म्हणजे काय, सुशासन म्हणजे काय. चुकीचं काहीही नाही. उलट बरंच चांगलं आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभाराला राज्यघटनेत जागा मिळाली, महापालिकेची मुदत पाच वर्षांची ठरली, मुदत संपायच्या आत निवडणूक घ्यायची असं लिहिलं गेलं, हे सगळं त्यात आहे.

पण मुदत संपली आणि निवडणूक झालीच नाही तर? याचं उत्तर गाइडमध्ये नव्हतं. ते आपण जगून बघितलं! नाशिक महापालिकेची आधीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं शहराला ना महापौर, ना नगरसेवक. प्रशासकाचा कारभार. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना अशा मुद्द्यांवरचे दावे कोर्टात चालू राहिले आणि कॅलेंडरं बदलत गेली. बहिणीने पेपर दिला, पास झाली, नोकरीला लागली, पगारवाढही घेऊन झाली. तिने नगरसेवक नावाचा प्राणी मतदार म्हणून पहिल्यांदा निवडला तो यंदा.

या चार वर्षांत मी काय केलं? आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्याचा फोटो इन्स्टा स्टोरीवर टाकला. सत्तावीस जणांनी रागाचा इमोजी दिला. चोवीस तासांनी स्टोरी गेली. खड्डा राहिला.

१९८९ : एका वर्षाची गंमत

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. आपल्याला हे जमत का नाही? आळस आहेच. पण नुसता आळसच आहे का?

शोधता शोधता मला एक साल सापडलं : १९८९. त्या एका वर्षात तीन गोष्टी झाल्या. तिन्ही तुमच्या-माझ्याशी संबंधित.

पहिली. मार्च १९८९ मध्ये एकसष्टावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं. म्हणजे मत थेट कॉलेजच्या वर्गात येऊन बसलं.

दुसरी. त्याच वर्षी मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या धामधुमीत एका उमेदवार विद्यार्थ्याचा खून झाला. राज्य हादरलं. कॉलेजातल्या निवडणुका म्हणजे पैसा, मारामाऱ्या आणि राजकीय पक्षांची घुसखोरी, अशी ओरड आधीपासून होतीच. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विषयच संपवला. निवडणुका गेल्या, गुणवत्तेवर नेमणुका आल्या. वर्गात पहिला येईल तो वर्गाचा प्रतिनिधी! आई-वडिलांनी सुटकेचा निश्वास सोडला, आणि तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. कुणाचंही पोर निवडणुकीपायी मरू नये.

पण हिशेब मांडून बघा. देशाने अठरा वर्षांच्या मुलाला पंतप्रधान ठरवायला मत दिलं आणि राज्याने त्याच मुलाकडून वर्गाचा सीआर ठरवायचं मत काढून घेतलं.

पुढे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका पुन्हा कागदावर आणल्या. २०१९ मध्ये त्या होणार म्हणून कॉलेजांमध्ये चर्चाही रंगल्या, मग त्या पुढे ढकलल्या गेल्या, आणि नंतर कोविड आला. माझ्या अख्ख्या कॉलेजजीवनात मी एकदाही मतपेटी बघितली नाही. आमचा सीआर टॉपर होता. गुणी मुलगा. त्याला कुणी तक्रार सांगायचं नाही, कारण त्याला आम्ही निवडलेलंच नव्हतं आणि त्यालाही आमची मतं नको होती. पंखा बंद पडला की आम्ही जागा बदलायचो.

आज विचार केला की वाटतं, आमच्या खड्ड्याचंही तेच झालं. आम्ही जागा बदलली. गाडी दुसऱ्या गल्लीतून काढायला लागलो.

पोहण्याचा कुणी लेखी पेपर घेतो का? शंभर मार्कांचा घेतला आणि सगळे डिस्टिंक्शनमध्ये आले, तरी गोदेच्या पुरात कोण उतरेल? नागरिकत्वाचं तसंच आहे. सभा कशी चालवायची, आपलं म्हणणं तीन मिनिटांत कसं मांडायचं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच माणसाबरोबर काम कसं करायचं... हे हात-पाय मारूनच येतं. आणि हात-पाय मारायचं वय विशीचं. तिशीत एकदम खोल पाण्यात सोडलं की माणूस माझ्यासारखा पहिलं बटण दाबून घरी निघतो.

वर्गाबाहेरचे वर्ग

आता तुम्ही म्हणाल, नाशिकमध्ये हे शिकायची सोय कधी होती तरी का? तर सॉलिड होती. फक्त कॉलेजात नव्हती.

पंचवटीतलं काळाराम मंदिर आपण येता-जाता बघतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढची काही वर्षं चालू राहिला. बाबासाहेब काही सगळा वेळ नाशिकला नव्हते. इथली रोजची बाजू सांभाळली ती दादासाहेब गायकवाडांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. गावोगावहून येणारे सत्याग्रही, त्यांची राहायची-जेवायची सोय, मार खाऊनही हात न उचलण्याची शिस्त, अटक झालेल्यांची घरं, वर्गणीचा हिशेब, पत्रं. यातलं किती जण शाळेत गेले असतील? पण सार्वजनिक काम कसं उभं करायचं, याचा याहून कडक अभ्यासक्रम मला तरी माहीत नाही. हेच दादासाहेब १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. दार बंद ठेवणाऱ्या शहराने त्यांना दिल्लीला पाठवलं!

दुसरं उदाहरण एकदम घरगुती. आपलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे 'सावाना'. १८४० सालचं. इथे सभासद मतदान करून कार्यकारिणी निवडतात आणि ती निवडणूक चांगलीच रंगते. पॅनल काय, पत्रकं काय, घरोघर फोन काय! लहानपणी मला ते सगळं हास्यास्पद वाटायचं. आज वाटतं, बरंय. पुस्तकं कुणी विकत घ्यायची आणि पैसे कशावर खर्च करायचे, यावरून इथे निदान जाहीर वाद तरी होतो.

कॉलेजात अगदी काहीच नव्हतं, असंही नाही. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपलं एनएसएस, २४ सप्टेंबर १९६९ रोजी गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ३७ विद्यापीठांमध्ये सुरू झालं. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं गावातलं शिबिर. आम्ही त्याला 'मार्कांसाठी झाडू' म्हणायचो. पण माझ्या ओळखीत आज सोसायटीची मीटिंग न भांडता चालवू शकणारे जे दोघं-तिघं आहेत ना, ते सगळे एनएसएसवाले. शिबिरात रात्री चाळीस जणांचं जेवण कमी पडलं की काय करायचं, हे त्यांनी सोडवलेलं असतं.

गोवर्धनला एक फेरी

आणि आता १९८९ ची तिसरी गोष्ट. ती तर आपल्या घरचीच. १ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. मुख्यालय इथेच, गंगापूर धरणाजवळ गोवर्धनला. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. ब्रीद : 'ज्ञानगंगा घरोघरी'. वीकेण्डला धरणाकडे, वायनरीकडे जाताना आपण या विद्यापीठाच्या बाजूने किती वेळा गेलो असू, पण आत कितीदा वळलो?

आपल्या पिढीच्या डोक्यात मुक्त विद्यापीठ म्हणजे 'ज्यांना रेग्युलर जमलं नाही त्यांचं.' मीही त्यातलीच. पण जरा थांबा. दहावी-बारावी हुकलेल्यांसाठी पूर्वतयारीचा रस्ता याच विद्यापीठाने काढला. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातल्या बंदीजनांनी याच विद्यापीठाच्या पदव्या घेतल्या. लोकप्रशासन, राज्यशास्त्र यांची मराठी पुस्तकं त्यांनी अशा पद्धतीने लिहून घेतली, की शिक्षक समोर नसताना माणसाला ती एकट्याने वाचून समजावीत.

आणि ज्यांचं नाव आहे, त्यांचं या शहराशी नातंही भारी आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव मुंबई सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले आणि १९६३ मध्ये लोकसभेवर निवडून आले ते नाशिकमधून. तेही बिनविरोध! म्हणजे पंचायत राजचा कायदा करून १ मे १९६२ पासून गावागावात मतपेटी पोचवणाऱ्या माणसाला निवडताना नाशिककरांना एकही शिक्का मारावा लागला नाही.

एका रविवारी मी जिल्ह्यातल्या एका अभ्यासकेंद्रावर गेले. रविवारी, कारण तेव्हाच यांचे संपर्कवर्ग असतात. वर्गात माझ्या वयाचे थोडे आणि माझ्या आईच्या वयाचे बरेच. मधल्या सुट्टीत एका ताईंशी गप्पा झाल्या. पंचेचाळिशीच्या असतील. पोळीभाजीचे डबे करतात, बीएचं शेवटचं वर्ष चालू आहे. विषय लोकप्रशासन.

"हाच विषय का घेतला?" मी विचारलं.

"खरं सांगू? पुस्तक जाड नव्हतं म्हणून." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "पण त्यात पालिकेचा धडा आला. कोणतं काम कुणाचं, खर्चाला मंजुरी कोण देतं, सगळं लिहिलेलं. आमच्या शाळेसमोर दोन चेंबर उघडे होते. मी वर्षभर वाटेत भेटेल त्याला सांगत होते. धडा वाचल्यावर कळलं, मी चुकीच्या माणसांना सांगत होते."

त्यांच्या छोट्या शहरातही तेव्हा नगरसेवक नव्हते, प्रशासकच होता. आधी त्यांनी साधा अर्ज दिला. पोच घेतली. पोच घ्यायची असते, हेही पुस्तकाने नाही, पोराने सांगितलं. दीड महिना काही हललं नाही. मग माहिती अधिकाराचा अर्ज टाकला : माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली, तो आज कुणाच्या टेबलावर आहे?

"बघा ताई, काम करा असं लिहिलंच नाही. अर्ज कुठे आहे एवढंच विचारलं. पंधराव्या दिवशी फोन आला."

"मग झालं काम?"

"एका चेंबरला झाकण बसलं. दुसरं अजून उघडंच आहे." त्यांनी पिशवीतून फाइल काढून दाखवली. कागद तारखांनुसार लावलेले. "दुसऱ्याचा अर्ज परीक्षेनंतर टाकते."

माझ्याकडे पदवी होती, लॅपटॉप होता, ओळखी होत्या. त्यांच्याकडे एक धडा होता आणि एक फाइल. झाकण कुणी बसवलं, ते तुमच्यासमोर आहे.

शिकलेलं वापरायचं कुठे?

त्या ताईंच्या फाइलने मला एक गोष्ट समजली. विद्यापीठांकडे साधनं नाहीत, असं नाहीच मुळी. अभ्यासक्रम आहे, पुस्तकं आहेत, एनएसएस आहे. लॉ कॉलेजांमध्ये विधी साहाय्य केंद्रं आहेत. निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये कॉलेजांसाठी मतदार साक्षरता मंडळंही सुरू केली. कमी आहे ती एकच गोष्ट : धडा आणि चेंबर यांची गाठ घालून देणारं कुणीतरी.

बाहेरच्या देशांतही याच मुद्द्यावर डोकं लावलं गेलं. अमेरिकेत १९९८ मध्ये उच्चशिक्षणाच्या कायद्यातच लिहून टाकलं, की सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांनी विद्यार्थ्यांपर्यंत मतदार नोंदणीचे फॉर्म पोचवायचा मनापासून प्रयत्न करायचा. म्हणजे मतदार होणं ही अ‍ॅडमिशनसारखीच कॉलेजची जबाबदारी. आपल्याकडे नियम त्याहून सोपे होत चालले आहेत. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण नसतील तर वर्षभर थांबायला लागायचं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. होस्टेलवर राहणाऱ्या मुलांना होस्टेलच्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं. २०१७ च्या फेब्रुवारीत मी एकोणीस वर्षांची होते आणि यादीत माझं नाव नव्हतं. अ‍ॅडमिशनच्या फॉर्मबरोबर हा एक फॉर्म कुणी माझ्या हातात दिला असता तर माझी नऊ वर्षं वाचली असती!

कल्पना करा. त्या दोन क्रेडिटच्या पेपरात वीस मार्कांना एकच काम दिलं तर? आपला प्रभाग शोधा. एक प्रश्न निवडा. तो कुणाच्या अखत्यारीत येतो ते शोधा. अर्ज द्या, पोच घ्या, काय झालं ते दोन पानांत लिहा. काम होवो न होवो, मार्क मिळणार. एका वर्गात साठ मुलं. नाशिकमध्ये कॉलेजं किती, तुम्हीच मोजा. गाइड छापणाऱ्यांची मात्र पंचाईत होईल, कारण प्रत्येकाचं उत्तर वेगळं असेल.

पण कॉलेज सोडून आपल्याला जमाना झाला. आपलं काय? ऑफिस, इएमआय, ट्रॅफिक आणि उरलेल्या वेळात ओटीटी. मी तर म्हणेन, आपल्याला उलट सोपं आहे. पन्नास मेल्सचा फॉलो-अप कसा घ्यायचा, हे आपण रोज करतो. बॉसने उत्तर दिलं नाही तर 'जेंटल रिमाइंडर' टाकतो. तेच कौशल्य आहे, पत्ता फक्त वेगळा.

आम्ही काय केलं, ते सांगते. निकालानंतरच्या रविवारी बहीण आणि मी बसलो. १२२ नगरसेवकांच्या यादीतून आमच्या प्रभागातले चार शोधले. का चार, तेही तेव्हाच नीट वाचलं. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक असतो. आपल्याकडे बहुतेक प्रभागांत चार, आणि प्रत्येक जागेचं आरक्षण वेगळं. म्हणून अ, ब, क, ड. म्हणजे माझ्या एका खड्ड्याला चार जण उत्तर द्यायला बांधील आहेत. किंवा चौघं एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे आहेत. कोणतं खरं होणार, ते बरंचसं आपण विचारतो की नाही यावर आहे.

बहिणीने चौघांचे नंबर मोबाइलमध्ये सेव्ह केले. नावं लांबलचक होती, म्हणून तिने नुसतं 'अ', 'ब', 'क', 'ड' असं लिहिलं. मी खड्ड्याचा अर्ज लिहिला. तीन वेळा लिहिला, कारण पहिल्या दोन वेळा त्याचा लेख झाला होता! सोमवारी विभागीय कार्यालयात जाऊन दिला. पोच घेतली. तारीख, शिक्का, सही. त्या पोचेचा फोटो काढायचा मोह झाला, पण स्टोरीवर टाकला नाही. फाइलमध्ये लावला.

मग चौघांना फोन. 'अ' बिझी. 'ब' आउट ऑफ रीच. 'ड' ने नंतर बोलतो म्हणून सांगितलं.

'क' ने फोन उचलला. म्हणाल्या, "अर्जाचा नंबर सांगा."

माझ्याकडे नंबर होता.

*

एवढं तरी कराच!

नाव बघा. मतदार यादीत नाव आहे का, पत्ता तोच आहे का, हे आजच तपासा. नव्या नावासाठी फॉर्म ६, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८. माहितीसाठी हेल्पलाइन १९५०. महापालिकेची यादी विधानसभेच्याच यादीवरून बनते आणि निवडणुकीच्या बऱ्याच आधी गोठवली जाते. त्यामुळे ऐन वेळी धावाधाव करून उपयोग नाही.

प्रभाग पाठ करा. प्रभाग क्रमांक आणि सगळ्या नगरसेवकांचे नंबर मोबाइलमध्ये ठेवा. नाशिक महापालिकेचे सहा विभाग आहेत : नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सातपूर, नवीन नाशिक आणि नाशिकरोड. आपला कोणता ते माहीत हवं.

पोच घ्या. कोणताही अर्ज दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

दहा रुपयांचा प्रश्न. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्जाला दहा रुपये फी. साध्या कागदावर दहाचा कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. उत्तराला साधारण तीस दिवसांची मुदत. एका अर्जात एकच विषय, तोही मोजक्या शब्दांत. भाषण नको!

एक धडा वाचा. राज्यघटना मराठीत मोफत वाचायला मिळते. 'स्वयम्'वर विद्यापीठांचे कोर्स फुकट बघता येतात. धाकट्या बहीण-भावाचं ते दोन क्रेडिटचं गाइड रद्दीत टाकायच्या आधी एकदा चाळा.

सभा बघा. महापालिकेची सर्वसाधारण सभा कायद्याने लोकांसाठी खुली असते. एखाद्या सुट्टीच्या दिवशी मित्रांना घेऊन जा. पॉपकॉर्न मात्र मिळत नाही.